लॉन मोडून लाल भोपळा : हरळी आणि लव्हाळ्याचे काय करावे?

प्रश्न : ६ मीटर बाय ५ मीटरचे लॉन मोडून तिथे लाल भोपळा लावायचा आहे. महिन्यापूर्वी सगळी जागा कुदळीने खणली, ढेकळे फोडली, वर दिसले तेवढे गवत वेचले. पंधरा दिवसांत हरळी आधीपेक्षा दाट उगवली. आता पुन्हा खणावे की तणनाशक मारावे?

उत्तर : दोन्ही नको. ती दाट झाली ती खणल्यामुळेच. हरळीच्या काशीला, म्हणजे जमिनीखालच्या दोरासारख्या खोडाला, थोड्या थोड्या अंतरावर पेर असते आणि पेरावर डोळा असतो. कुदळीने एका काशीचे दहा तुकडे केले की दहा नवी रोपे लागली. शिवाय माती उलटली की खाली निजलेले तणाचे बी उजेडात येते आणि तेही रुजते. तणनाशकाचे म्हणाल, तर लॉनसाठी वापरतात ती टू-फोर-डीसारखी औषधे रुंद पानांच्या तणांसाठी असतात. हरळीचे त्यांनी फारसे काही बिघडत नाही, भोपळ्याचे मात्र नक्की बिघडते.

मुळात सगळी ३० चौरस मीटर जागा स्वच्छ करायची गरजच नाही. भोपळ्याला तणाचा खरा जाच होतो तो पहिले पाच-सहा आठवडे. पुढे वेल धावू लागले की त्यांची पाने जमीन झाकतात, आणि हरळीला सावली सोसत नाही. तेव्हा खणायची ती फक्त आळी. बाकी सगळीकडे अंधार करायचा.

तुमच्या जागेत सहा आळी बसतात. दोन ओळी, ओळींत अडीच मीटर अंतर, एका ओळीत दोन-दोन मीटरवर तीन आळी. प्रत्येक आळे ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि तितकेच खोल. इथे मात्र कंटाळा करू नका. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण हाताला चिकटत नसताना खणा, निघालेली माती हाताने चाळा आणि काश्या वेचा. पांढरट, चिवट, टोकदार, बोटाच्या पेराएवढा तुकडासुद्धा मागे ठेवायचा नाही. वेचलेल्या काश्या ओल्या असताना खतात टाकू नयेत, तिथेही त्या फुटतात. फरशीवर कडक उन्हात वाळवा. वाकवल्यावर कट्कन मोडल्या तरच मेल्या समजा. चाळलेल्या मातीत दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळून आळे भरा.

उरलेल्या जागेवर पुठ्ठा अंथरायचा आहे. त्याआधी तिथले गवत जमिनीलगत कापून तिथेच राहू द्या आणि जमीन भरपूर भिजवा. पुठ्ठा एकदा अंथरला की वरचे पाणी सहज खाली उतरत नाही. कोरड्या जमिनीवर अंथरला तर खाली महिनाभर कोरडेच राहते. पुठ्ठा साधा तपकिरी हवा. चिकटपट्ट्या आणि पिना काढा, चकचकीत मुलामा असलेला घेऊ नका. दोन थर द्या, प्रत्येक जोडावर १५ ते २० सेंटिमीटर पुठ्ठा एकमेकांवर चढला पाहिजे. सगळ्यांचे चुकते ते इथेच. हात-दोन हात लांबूनही हरळी फटीपर्यंत पोहोचते. तीन आठवड्यांनी एक कोपरा उचलून पाहा : खाली पिवळसर, दोऱ्यासारखे बारीक फुटवे दिसतील, पेरांमधले अंतर लांबलेले, पाने नावालाच. साठवलेले अन्न संपवत ती उजेड शोधत असते. तो सापडू द्यायचा नाही. पुठ्ठ्यावर १५ सेंटिमीटर पालापाचोळा किंवा पेंढा टाका आणि पुन्हा भिजवा.

आळ्यावर पुठ्ठ्याला फुलीची चीर देऊन कडा आत दुमडा. भोक ३० सेंटिमीटरपेक्षा मोठे नको. दर भोकात तीन बिया अडीच सेंटिमीटर खोल लावा, उगवल्यावर जोमदार एकच रोप ठेवा. पाणी आळ्यातच द्या. लॉनखालच्या जमिनीत रोप रात्रीत बुंध्याशी कापणाऱ्या अळ्या पुष्कळदा असतात. त्यासाठी रोपाभोवती पुठ्ठ्याचे १० सेंटिमीटर उंच कडे, २-३ सेंटिमीटर मातीत रोवून ठेवा.

आणि कडेचा चर विसरू नका. शेजारी लॉन तसेच राहणार असेल तर ते आणि भोपळ्याची जागा यांच्या मधे १५ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर खोल चर खणून मोकळा ठेवा. त्यात डोकावणारे हरळीचे दोर दर आठवड्याला छाटा. चर नसेल तर बाकीची सगळी मेहनत एका हंगामात वाया जाते.

प्रश्न : पुठ्ठा अंथरला, तरी काही ठिकाणी हिरव्या सुया पुठ्ठा भोसकून वर आल्या आहेत. हे काय आहे?

उत्तर : लव्हाळा. त्याचा कोंब आरीसारखा टोकदार असतो, ओला पुठ्ठा त्याला अडवू शकत नाही. उपटल्यावर फक्त पाने हातात येतात, गाठ खालीच राहते. एकेका दोरावर अशा कितीतरी गाठी असतात, आणि पुढची गाठ तुटली की मागच्या निजलेल्या गाठींना कोंब फुटतात. म्हणून उपटू नका. पाच-सहा पाने होण्याआधी जमिनीलगत कापत राहा, साधारण दर दहा-बारा दिवसांनी. नव्या गाठी धरायला त्याला उसंत मिळता कामा नये. हे काम चिकाटीचे आहे. पहिल्या वर्षी तो कमी होईल, जाणार नाही. पण दाट सावलीत त्याचाही जोर ओसरतो, म्हणून जिथे लव्हाळा जास्त तिकडे वेलाचा शेंडा मुद्दाम वळवा.

प्रश्न : लॉनचे कापलेले गवत भोपळ्याला आच्छादन म्हणून चालेल का?

उत्तर : चालेल, पण त्यावर तणनाशक मारलेले नसेल तरच. क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही तणनाशके गवत कुजले तरी उरतात. ते गवत खाल्लेल्या जनावरांच्या शेणखतातूनही येतात. शंका असेल तर ते गवत किंवा खत निम्म्या मातीत मिसळून तीन कुंड्यांत घेवडा पेरा, शेजारी नुसत्या मातीच्या तीन कुंड्या ठेवा. तीन आठवड्यांत पहिल्या कुंड्यांतली नवी पाने वाटीसारखी वळली, देठ पिळवटले, तर ते गवत बागेत आणू नका. चांगले असेल तरी ओले गवत एका वेळी २-३ सेंटिमीटरच पसरा. जाड थर दिला तर ते तापते, चिकट होते आणि बुंधा कुजवते.

प्रश्न : वेल पसरल्यावर मधूनच आलेले तण काढावे का?

उत्तर : खुरपे चालवू नका. वेलाच्या पेरांनाही मातीत मुळे फुटतात आणि ती अगदी वरवर असतात. तणाला फुले येत असतील तर बी धरण्याआधी कात्रीने जमिनीलगत कापा. वेल उचलून बाजूला सरकवू नका.