मधाची बेल्जियन एल पहिल्यांदा चाखताना

एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार. त्यात मध घातलाय म्हणजे गोड लागणार, असं धरून बसू नकोस. मधातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी फस्त करतं. मागे राहतो तो मुख्यतः फुलांचा वास. म्हणून आधी नाक, मग जीभ. लवंग, पिकलं केळं असा गंध आला तर तो बेल्जियन यीस्टचा, मधाचा नव्हे. इथेच सगळे फसतात, मीही फसलो होतो. सुरुवात लफेव्र ब्रुअरीच्या ‘बार्बार’ने कर. पण ती ८ टक्के अल्कोहोलची आहे, सरबतासारखी गटागटा पिऊ नकोस! फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांब. बर्फगार बिअरला वासच येत नाही. तळाचा गाळ शेवटी, वेगळा चाखून बघ.