अमेरिकेतल्या राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल म्हणजे आपला महाधिवक्ताच का? त्याला नेमतं कोण?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. हा माणूस आपल्या महाधिवक्त्यासारखा असतो का, त्याला नेमतं कोण, आणि न्यू जर्सीत शिकणाऱ्या तुमच्या मुलीची घरमालकाने अडकवलेली अनामत रक्कम तो सोडवून देईल का. मी वकील नाही. आधी पेनसिल्व्हेनियात राहिलो, आता न्यू जर्सीत राहतो, मतदान करतो आणि या मंडळींच्या बातम्या गरजेपेक्षा जरा जास्तच वाचतो, एवढ्या भांडवलावर लिहितोय.

आपल्या महाधिवक्त्याला राज्यघटनेच्या कलम १६५ खाली राज्यपाल नेमतात, म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळ नेमतं. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याइतकी पात्रता हवी, आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पद. विधिमंडळात बोलता येतं, मत देता येत नाही. थोडक्यात, तो सरकारचा वकील, आणि अशिलाशी बिनसलं की वकिलाने जायचं. मार्च २०१६ मध्ये श्रीहरी अणे यांनी वेगळ्या मराठवाड्याविषयी केलेल्या विधानावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्यांनी राजीनामा दिला, ते तुम्हाला आठवत असेलच.

अमेरिकेत नेमकं इथेच चित्र पालटतं. पन्नासपैकी ४३ राज्यांत अ‍ॅटर्नी जनरल थेट मतदार निवडून देतात. पेनसिल्व्हेनियात १९८० पासून ही निवडणूक होते आणि तीही अध्यक्षीय निवडणुकीच्याच दिवशी. २०१६ मध्ये सगळं जग ट्रम्प आणि क्लिंटन यांच्याकडे बघत होतं, तेव्हा त्याच मतपत्रिकेवर खाली जॉश शपिरो हे नाव या पदासाठी होतं. ते निवडून आले आणि पुढे गव्हर्नर झाले. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नव्हे, तर मुख्यमंत्र्यासारखा निवडून आलेला राज्याचा प्रमुख. हा रस्ता चांगलाच मळलेला आहे. बिल क्लिंटन आर्कान्सॉचे अ‍ॅटर्नी जनरल होते, कमला हॅरिस कॅलिफोर्नियाच्या.

मग गव्हर्नर एका पक्षाचा आणि अ‍ॅटर्नी जनरल दुसऱ्याचा, असं होतं का? सर्रास होतं. केंटकीचं उदाहरण सांगतो, कारण इतकं रंगलेलं दुसरं मला माहीत नाही. तिथे २०१५ च्या निवडणुकीत रिपब्लिकन मॅट बेविन गव्हर्नर झाले आणि डेमोक्रॅट अँडी बशीर अ‍ॅटर्नी जनरल. दोघांच्या कोर्टातल्या चकमकी वारंवार झाल्या. त्यातली सर्वांत गाजलेली २०१८ ची. बेविन यांच्या पक्षाला शिक्षक आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनमध्ये बदल करायचे होते. त्यासाठी सांडपाण्याविषयीचं एक साधं विधेयक घेतलं, त्यातला मजकूर काढून टाकला, आत पेन्शनचा मजकूर भरला आणि काही तासांत दोन्ही सभागृहांतून मंजूर करून घेतलं. शिक्षक रस्त्यावर उतरले, बशीर कोर्टात गेले. राज्यघटनेप्रमाणे विधेयकाची तीन वाचनं तीन वेगवेगळ्या दिवशी व्हायला हवीत आणि सांडपाण्याच्या नावाखाली झालेली वाचनं पेन्शनसाठी मोजता येत नाहीत, असा मुद्दा होता. डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा रद्द केला. पुढच्याच वर्षी बशीर यांनी बेविन यांना जेमतेम पाच हजार मतांनी हरवून गव्हर्नरपद घेतलं.

गंमत पुढे आहे. त्याच २०१९ च्या निवडणुकीत रिपब्लिकन डॅनियल कॅमेरॉन अ‍ॅटर्नी जनरल झाले. त्यांनी कोविडच्या निर्बंधांवरून गव्हर्नर बशीर यांनाच कोर्टात खेचलं आणि २०२३ मध्ये त्यांच्याविरुद्ध गव्हर्नरपदाची निवडणूकही लढवली. हरले ती गोष्ट वेगळी. म्हणजे बशीर यांनी घालून दिलेला धडा त्यांच्यावरच गिरवला गेला. यात जनतेची बाजू मांडणं किती आणि पुढच्या निवडणुकीची तयारी किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते दोन्ही असतं आणि ते वेगळं काढता येत नाही.

उरलेल्या सात राज्यांपैकी अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंग इथे गव्हर्नर नेमणूक करतो. मेनमध्ये विधिमंडळ गुप्त मतदानाने निवडतं, तेही दोनच वर्षांसाठी. टेनेसीत चक्क राज्याचं सर्वोच्च न्यायालय आठ वर्षांसाठी नेमतं. असं करणारं ते एकमेव राज्य.

मुलगी न्यू जर्सीत आहे म्हणून तिथलं थोडं जास्त सांगतो. इथे गव्हर्नर नाव सुचवतो आणि राज्याची सिनेट मंजुरी देते. पण एकदा नेमल्यावर गव्हर्नरची मुदत संपेपर्यंत पद राहतं. इतर खात्यांच्या प्रमुखांसारखं मनात आलं म्हणून काढता येत नाही. अधिकारही भारी आहेत. राज्य पोलीस त्याच्या खात्याखाली येतात आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या सरकारी वकिलांवरही त्याची देखरेख असते. बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा फौजदारी वकील स्वतंत्रपणे निवडून येतो आणि अ‍ॅटर्नी जनरलचं ऐकायला बांधलेला नसतो. कनेटिकटमध्ये तर या पदाकडे फौजदारी काम जवळपास नाहीच. २०१८ ते २०२१ या काळात न्यू जर्सीत हे पद गुरबीर ग्रेवाल यांच्याकडे होतं. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचे ते पहिले शीख अ‍ॅटर्नी जनरल. मला स्वतःला नेमणुकीची ही पद्धत निवडणुकीपेक्षा बरी वाटते. मतपत्रिकेवर नाव आलं की प्रचार आला, प्रचार आला की देणग्या आल्या. दोन्ही पक्षांच्या अ‍ॅटर्नी जनरलांच्या संघटना मोठमोठ्या कंपन्यांकडून पैसे घेतात आणि त्याच कंपन्यांची चौकशी उद्या यांच्यापैकी कुणाच्या टेबलावर येऊ शकते.

तरी हे लोक एकत्र आले की काय करू शकतात, तेही पाहा. १९९४ मध्ये मिसिसिपीच्या माइक मूर यांनी सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. धूम्रपानाने आजारी पडलेल्या गरिबांच्या उपचाराचा खर्च राज्याला सोसावा लागतो, तो भरून द्या, एवढी सरळ मागणी होती. चार राज्यांनी स्वतंत्र तडजोडी केल्या आणि १९९८ मध्ये उरलेल्या ४६ राज्यांनी मिळून पहिल्या २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचा करार पदरात पाडून घेतला. त्यातला मोठा वाटा पुढे राज्यांनी धूम्रपान रोखण्याऐवजी भलत्याच खर्चांना वापरला, पण तो दोष विधिमंडळांचा.

केंद्र सरकारविरुद्धही हेच लोक उभे राहतात. केंद्राचा अ‍ॅटर्नी जनरल हा यांचा साहेब नव्हे. त्याला राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि हवं तेव्हा काढतात. आपल्या मराठी घरांना थेट भिडलेलं प्रकरण २०२५ च्या जानेवारीतलं. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर मर्यादा आणणारा आदेश ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी काढला. आई एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नाहीत, अशा घरात पुढे जन्मणाऱ्या बाळालाही तो लागू होणार होता. न्यू जर्सीत भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या एडिसनच्या आसपास किती घरं त्या चौकटीत बसतात ते सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी न्यू जर्सीसह १८ राज्यांनी बॉस्टनमध्ये आणि वॉशिंग्टनसह चार राज्यांनी सिअ‍ॅटलमध्ये दावा दाखल केला, आणि २३ जानेवारीला सिअ‍ॅटलच्या न्यायाधीशांनी तात्पुरती स्थगिती दिली. रिपब्लिकन अ‍ॅटर्नी जनरल ओबामा आणि बायडन यांच्या काळात हेच करत होते, हेही लक्षात ठेवा.

आता अनामत. हे कार्यालय राज्याची बाजू मांडतं, तुमच्या मुलीचं वकीलपत्र घेत नाही. न्यू जर्सीत ग्राहक तक्रारींचा विभाग याच खात्यात आहे आणि तिथे तक्रार द्यायला नागरिक असावं लागत नाही. सामान हलवणारी कंपनी किंवा गाडीचा डीलर यांनी फसवलं तर तिथे जरूर लिहावं. एकाच कंपनीविरुद्ध ढीगभर तक्रारी आल्या की कारवाई होण्याची शक्यता वाढते. घरमालकाच्या अनामतीसाठी मात्र स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे छोट्या रकमांचे दावे चालवणारं कोर्ट, हाच रस्ता. घर सोडल्यावर ३० दिवसांत व्याजासकट पैसे परत करायचे, काही कापलं तर हिशेब द्यायचा, असा कायदा आहे. चुकीने अडकवलेल्या रकमेच्या दुप्पट कोर्ट देऊ शकतं. तिने आधी नव्या पत्त्यासह लेखी मागणी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावी आणि घर सोडतानाचे फोटो सांभाळून ठेवावेत. तिच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदा सल्ला मिळतो का, तेही विचारून पाहायला सांगा.