जुनं नेटबुक घेताय? मग हे बघून घ्या

नेटबुक म्हणजे छोटा, हलका लॅपटॉप. घ्या की, लिहायला न् प्रवासात न्यायला अजूनही मस्त मशीन आहे, फक्त पैसे देण्याआधी प्रोसेसर कोणता ते नीट विचारा. अ‍ॅटम एन२७० असेल (२००८ च्या एसर अस्पायर वनमध्ये हाच यायचा) तर तो निव्वळ ३२ बिट (जुन्या पद्धतीचा), म्हणजे ६४ बिटवालं (हल्लीचं) सॉफ्टवेअर काहीच चढणार नाही, लिनक्सवरचं (विंडोजऐवजी टाकायची मोफत सिस्टीम) ३२ बिट क्रोम तर २०१६ लाच बंद झालंय. एन४५० मिळालं तर तेच उचला, ते ६४ बिट आहे.

रॅम १ जीबी असेल तर २ करा, त्याच्यावर जात नाही. पण खरा फरक पडतो तो हार्ड डिस्क काढून तिच्या जागी साटा एसएसडी (तशाच जोडणीची, पण खूप वेगवान डिस्क) टाकल्यावर, मी तर म्हणेन आधी तेच करा. काही मॉडेलना मागे छोटं झाकण असतं, काहींचा अख्खा कीबोर्ड काढावा लागतो, तेव्हा खालची रिबन केबल ओढायची नाही हं, तिचं लॉक नखाने हळूच उचलायचं, मग ती आपोआप सुटते.

एन२७० वर डेबियन १२ किंवा अँटीएक्स (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) टाका, डेबियन १३ ला ३२ बिट इन्स्टॉलरच नाहीये. स्क्रीन १०२४ बाय ६००, त्यामुळे कधीकधी ओकेचं बटण खाली गायब होतं, तेव्हा अल्ट दाबून माउसने विंडो वर ओढा. एचडी व्हिडिओची अपेक्षा ठेवू नका, मराठी टायपिंग, पीडीएफ, गाणी आरामात चालतं. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती लावूच नका, कितीही स्वस्त मिळत असलं तरी.