आक्षीच्या दगडात राजा काय करतो?

प्रश्न : अकरावीच्या मुलांना अलिबागजवळच्या आक्षीच्या जुन्या मराठी शिलालेखाची प्रत वाचायला दिली. ध्वनी, पद, वाक्य, अर्थ अशा पातळ्यांवर भाषा तपासतात, हेही सांगितलं. मुलं म्हणतात, "बाई, सरळ अर्थ सांगा ना, पातळ्या कशाला?" काय उत्तर द्यावं?
– एक शिक्षिका, रेवदंडा

उत्तर : बाई, तुम्हीच मुलांना विचारा, या लेखात केशिदेव राजा काय करतो? वर्ग एका सुरात म्हणेल, दान देतो. 'पसीमसमुद्राधीपती', 'कोंकणा चक्रीवर्ती' अशी बिरुदं मिरवत जो पहिला येतो, तो नाही तर कोण देणार? पण राजा या लेखात काहीच करत नाही.

राजाच्या आणि महाप्रधान भइर्जु सेणुईच्या नावापाठोपाठ शब्द येतात, 'तसीमीनी काले प्रवर्तमने'. म्हणजे 'तस्मिन् काले प्रवर्तमाने'. ही संस्कृतातली सतिसप्तमी, 'अमुक चालू असताना' असं सांगणारी रचना, दानलेखांचा ठरीव साचा. राजाचं नाव इथे काळ सांगण्यापुरतं आलंय, पत्राच्या डोक्यावर तारीख घालावी तसं. मग साल-तिथी होते आणि पुन्हा नाव येतं, या वेळी 'भइर्जुवे'. शेवटची मात्रा बघा. ती तृतीयेची, 'भइर्जूने'. कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळच्या शिलालेखात 'चामुण्डराजें करवियलें' (चामुंडराजाने करवलं) आहे, त्यातली तीच. करणारा कोण ते इथे कळलं. राजाच्या नावावर जमा होऊ घातलेलं दान एका मात्रेने प्रधानाच्या नावावर गेलं! वाक्य आणि पद या दोन पातळ्या सोडल्या असत्या तर इतिहासाच्या तासाला चूक गेली असती.

मुलं 'पसीम' बघून हसतील, "अशुद्ध लिहिलंय." हसू द्या. मग 'तसीमीनी'त स्वर कुठे शिरलेत आणि 'प्रधावी'त कुठला गळलाय, ते शोधायला लावा. हे 'परिधावी' संवत्सर. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं; १९७२च्या दुष्काळाचं संवत्सरही परिधावीच. तिथून साठ-साठ वर्षं मागे मोजत गेलं की बरोबर १०१२ लागतं, आणि लेखातलं शके ९३४ म्हणजे तेच. सालाच्या वाचनाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, तो मुलांपासून लपवू नका. पण एका गळलेल्या स्वराने काय पडताळता येतं ते त्यांना दिसेल. 'सुष'चंही तसंच. जुन्या लेखनात 'ख'च्या जागी 'ष' सर्रास येतो, म्हणून 'सुष' म्हणजे सुख. हीच किल्ली पुढे 'महलषुमीची'ला लावा. महलखुमी, महालक्ष्मी! शेवटचा 'ची' तर आपल्या घरातलाच.

अर्थाच्या पातळीवर मात्र कोशावर फार विसंबू नका. लेखात 'बोडणा' आहे. कोशात 'बोडणे' काढलंत तर महालक्ष्मीचं डोकं भादरायची पाळी येईल. वर्गात ज्यांच्या घरी देवीचं बोडण भरतात, दूध-दही-तूप-मध-साखर कालवतात, त्या मुलींना बोलू द्या. त्या कोशापेक्षा लवकर वाट दाखवतील. 'नउ कुवली' म्हणजे धान्याचं माप. देवीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य, असा अर्थ सहसा लावतात.

आता पहिली ओळ, मी मुद्दाम शेवटी ठेवलेली. प्रतीत ती 'गीं सुष संतु' अशी दिसते. 'गीं' म्हणजे काय? ध्वनी कितीही तपासा, हाती काही लागत नाही. पण हा दानलेख आहे, आणि दानलेखाची सुरुवात मंगल वचनाने होते, हे ठाऊक असेल तर गेलेलं अक्षर आपोआप जिभेवर येतं. 'जगीं सुख संतु', जगात सुख असो. म्हणजे लेखाच्या प्रकाराने, अर्थाच्याही वरच्या पातळीने, सगळ्यांत खालचं एक अक्षर भरून दिलं. मुलांना पातळ्या पायऱ्यांसारख्या पाठ करायला लावू नका, असं मी म्हणतो ते यासाठी. अडलं की वर-खाली दोन्हीकडे जाता आलं पाहिजे.

प्रश्न : एका पुस्तकात भाषाविश्लेषणाच्या चार पातळ्या आहेत, दुसऱ्यात सहा. खरं कोणतं?
– एक वाचक, देवगड

उत्तर : दोन्ही. कोणी उच्चार आणि स्वनिम (अर्थात फरक पाडणारे ध्वनी) वेगळे मोजतो, कोणी प्रसंगावरून कळणारा अर्थ वेगळा धरतो, म्हणून आकडा हलतो. परीक्षेला बसणार असाल तर नेमलेल्या पुस्तकातला आकडा लिहा.