कायद्याचं विचारा: ऐकणाऱ्याचा हक्क

प्रश्न : बिंदू चौकातल्या व्याख्यानाला परवानगी मिळाली नाही. कारण तोंडी सांगितलं, 'लोकांच्या हितासाठी'. वक्ते गप्प बसले. मला ते ऐकायचं होतं. मी काही करू शकते का? (राजारामपुरी)

उत्तर : करू शकता. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१) मधला भाषणाचा हक्क एकट्या वक्त्याचा नाही. टाटा प्रेस या प्रकाशन कंपनीच्या जाहिरातींच्या खटल्यात, १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जाहिरात वाचणाऱ्या-ऐकणाऱ्यालाही तो दिला. उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क २००२ मध्ये याच अनुच्छेदातून निघाला.

पण 'लोकांचं हित' हे शब्द सरकारच्या तोंडी आले की सावध व्हा. पुण्याच्या 'सकाळ'चा १९६१ चा निकाल पाहा. पानांच्या संख्येवर किंमत बांधणारा आदेश होता. 'सकाळ' आठवड्याच्या सहा दिवसांत ३४ पानं देई, अंक ७ नवे पैसे. आदेशाप्रमाणे त्याच किमतीत २४ पानंच बसत. ३४ हवी तर ८ पैसे. लहान वृत्तपत्रांना संरक्षण हा सरकारचा बचाव. न्यायालयाने तो फेटाळला. व्यवसायावर सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी बंधन घालता येतं, भाषणावर नाही. भाषणासाठी अनुच्छेद १९(२) मधली आठच कारणं : देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. थोडक्यात, ऐकणाऱ्याच्या हिताने हक्क वाढतो, त्याच्या नावावर तो कापता येत नाही. सभेच्या हक्कावरची कारणं तर त्याहून कमी : सार्वभौमता-एकात्मता आणि सुव्यवस्था.

आता कामाचं. तोंडी नकाराला आव्हान देणं अवघड, कारण न्यायालयापुढे ठेवायला कागदच नसतो. आयोजकांना लेखी अर्ज करून पोहोच घ्यायला सांगा आणि नकार कारणांसह लेखी मागायला लावा. जमावबंदीचा हवाला दिला तर आदेशाची प्रत मिळवून तारीख पाहा : महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपुढे चालत नाही. याचिका उच्च न्यायालयात, अनुच्छेद २२६ खाली. ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरातच आहे. बहुतेकांचं घोडं अडतं ते तारखेवर. व्याख्यानाचा दिवस उलटला की 'आता काय उरलं?' असं न्यायालयात विचारलं जातं. म्हणून मागणीत पुढची तारीखही घाला, आणि शक्य तर वक्त्यालाही सहयाचिकाकर्ता करा. एकट्या श्रोत्याची बाजू लंगडी पडते.

प्रश्न : आमचं साप्ताहिक प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं आहे. याचिका कंपनीच्या नावाने चालेल? (शाहूपुरी)

उत्तर : नुसत्या कंपनीच्या नावाने नको. अनुच्छेद १९ नागरिकांना आहे, कंपनी नागरिक नाही. संपादक किंवा भागधारक सोबत घ्या. 'सकाळ'च्या वेळी भागधारक होते, वाचकांच्याही याचिका होत्या.