‘रेव्हेन्यू’, ‘इन्कम’, ‘टर्नओव्हर’ या सगळ्यांना स्पॅनिशमध्ये ‘इंग्रेसोस’ लिहिलं तर चालेल का?

गप्पांत चालेल, कागदावर नाही.

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: कंपनी रत्नागिरीची, माल गोठवलेला म्हाकूळ (स्क्विड), गिऱ्हाईक स्पेनमधल्या विगोचं, आणि त्याने कंपनीचा हिशोब व कराराचा मसुदा स्पॅनिशमध्ये मागितलाय. तुम्ही शब्दकोश घेऊन बसलात आणि प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर तेच तीन-चार स्पॅनिश शब्द निघाले. हे व्हायचंच. मी चिपळूणला बसून हीच भाषांतरं करते. माझा नियम एकच: आधी कागद कुठला आणि देश कुठला ते बघायचं, शब्द त्यानंतर.

नफा-तोटा पत्रक घ्या. आपल्याकडच्या पत्रकात पहिली ओळ ‘रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्स’, म्हणजे मुख्य धंद्याचे पैसे. स्पेनच्या २००७ च्या लेखा-आराखड्यात या ओळीला ठरलेलं नावच आहे, ‘इम्पोर्ते नेतो दे ला थिफ्रा दे नेगोथिओस’. सूट, परत आलेला माल आणि कर वजा करून उरलेली उलाढाल. लांबलचक आहे, पण तेच लिहा. बँकेतल्या ठेवीचं व्याज या ओळीत येत नाही, ते ‘इंग्रेसोस फिनान्थिएरोस’. नुसतं ‘इंग्रेसोस’ लिहिलंत तर व्याज आत की बाहेर, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडणारच. ‘फाक्तुराथिओन’ म्हणजे बिलं किती फाडली ते. मालक लोक फोनवर हाच शब्द वापरतात, पत्रकात तो घालू नका. ‘रेंता’ प्राप्तिकराच्या कागदांसाठी ठेवा.

नफ्याचं देशावर आहे. स्पेनमध्ये ‘बेनेफिथिओ’, मेक्सिकोत ‘उतिलिदाद’. अर्जेंटिनात कंपन्यांच्या नफ्यावरच्या कराच्या नावातच ‘गानान्सियास’ आहे. स्पॅनिश पत्रकाच्या शेवटच्या ओळीत मात्र बहुधा यातलं काहीच नसतं, तिथे ‘रेसुल्तादो देल एहेर्थिथिओ’ असतं. नफा असो वा तोटा, ओळ तीच. तुमचं गिऱ्हाईक विगोचं, तेव्हा खर्चातही ‘कोस्ते’ लिहा. ‘कोस्तो’ हे लॅटिन अमेरिकेतलं रूप. आणि ‘कोस्ते’ म्हणजे माल तयार व्हायला लागलेली किंमत, ‘गास्तो’ म्हणजे खाती टाकलेला खर्च. हे दोन आलटून पालटून वापरायचे नाहीत.

खरी गोची ‘कन्साइनमेंट’ची आहे. इंग्रजी कागदात तो शब्द दोन कामं करतो: विक्रीसाठी दुसऱ्याकडे सोपवलेला माल, आणि नुसती पाठवलेली खेप. आपला बागायतदार हापूसच्या पेट्या वाशीला अडतीवर पाठवतो तेव्हा विक्री होईपर्यंत माल त्याचाच असतो. मग अडत, हमाली, मोटारभाडं कापून विक्रीच्या हिशोबाची पट्टी हातात येते आणि त्या पट्टीवर रुसून उपयोग नसतो. स्पॅनिशमध्ये या व्यवहाराला ‘एन कोन्सिग्नाथिओन’ म्हणतात. तुमचा म्हाकूळ तसा जात नाही, तो भाव ठरवून विकलेला माल आहे. करारात ‘कोन्सिग्नाथिओन’ घातलंत की समोरचा वकील म्हणेल, माल विकला जाईपर्यंत पैसे कसले? तिथे साधं ‘एन्वीओ’ पुरतं. आरोग्य प्रमाणपत्रावरचा ‘कन्साइनमेंट’ मात्र युरोपीय संघाच्या स्पॅनिश कायद्यात ‘पार्तिदा’ आहे, तो तसाच उचला. आणि ‘बिल ऑफ लेडिंग’ला स्वतःचं डोकं चालवू नका, ‘कोनोथिमिएंतो दे एम्बार्के’ हेच नाव सगळीकडे चालतं.

वजनाचंही तेच. गोठवलेल्या मासळीवर बर्फाचा पापुद्रा असतो, तो ‘ग्लासेआदो’. युरोपात ग्राहकाच्या पाकिटावर छापायचं निव्वळ वजन बर्फ सोडून धरायचं, असा ११६९/२०११ क्रमांकाचा नियम सांगतो. ‘पेसो नेतो’ लिहिताना कारखान्यातून आलेला आकडा बर्फासकट आहे की बर्फाविना, हे आधी विचारून घ्या. तिथे शब्द बरोबर असून आकडा चुकीचा असू शकतो, आणि भांडण आकड्यावरून होतं.

सवलतींचं थोडक्यात: लवकर पैसे दिल्याची सूट ‘देस्क्वेंतो पोर प्रोंतो पागो’, वर्षभरात जास्त माल उचलल्याबद्दलची ‘रापेल’. स्पेनच्या आराखड्यात दोघांची खाती वेगळी आहेत.

शब्द एकदा ठरले की एका वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहून ठेवा आणि अख्ख्या करारात तेच ठेवा. शाळेत निबंधात ‘तोच शब्द परत नको’ असं शिकवतात, ते इथे विसरा. दर कलमाला नवा प्रतिशब्द आला तर वाचणारा समजणार की अर्थही नवा आहे.

आता आकडे. इंग्रजीतला बिलियन म्हणजे शंभर कोटी, तो स्पॅनिशमध्ये ‘मिल मियोनेस’. तिथला ‘बियोन’ म्हणजे एक लाख कोटी. शिवाय स्पेनमध्ये स्वल्पविराम दशांशाला लावतात. टनाचा भाव तुम्ही ४,२५० युरो लिहिलात तर तिकडे तो सव्वाचार युरो वाचला जाईल. चार आकडी रक्कम मध्ये काहीही न घालता ४२५० अशी लिहा, स्पॅनिश लेखननियमही तेच सांगतात.