पेरूत भर दुपारी दिसलेली ती रंगीत ‘फुलपाखरं’ खरंच पतंग होती का?

तुम्ही विचारलंय: तांबोपाता नदीच्या काठी ओल्या चिखलावर काळ्या रंगाची, हिरव्या चमकत्या पट्ट्यांची, पांढुरक्या शेपट्यांची फुलपाखरं घोळक्याने बसली होती आणि गाईड म्हणाला, हे पतंग आहेत. गाईडने थाप मारली का?

नाही, गाईडचं बरोबर आहे. वर्णनावरून तो उरेनिया लेयलस नावाचा पतंग. आणि तुम्ही फसलात तर फार मोठ्या माणसाच्या पंगतीत बसलात. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ साली याचं नाव ‘पापिलिओ लेयलस’ ठेवलं, म्हणजे थेट फुलपाखरांच्या खात्यात टाकला. पतंगांसाठी त्याच्याकडे वेगळी खाती होती, तरीही.

‘दिवसा उडतं ते फुलपाखरू, रात्री उडतो तो पतंग’ हा शाळेतला नियम ॲमेझॉनच्या जंगलात फारसा चालत नाही. फुलपाखरं ही पतंगांच्याच अवाढव्य खानदानाची एक फांदी आहे. बाकीच्या फांद्यांपैकी कितीतरी जणांनी आपापल्या परीने दिवसाचं जगणं पत्करलं. पश्चिम घाटात दिसणारा निळा डिस्फेनियाही त्यातलाच. पण पेरूत ही मंडळी एवढी आहेत की एकाच उत्तरात सगळी बसणार नाहीत. शिवाय ती फुलपाखरांसारखी दिसतात याचं कारण प्रत्येकाचं वेगळं आहे, आणि माझ्या मते खरी मजा त्यातच आहे.

उरेनिया कोणाची नक्कल करत नाही. त्याच्या पंखांत हिरवा रंगच नाही. खवल्यांच्या आत एकावर एक अतिपातळ थर असतात, त्यांच्यावरून प्रकाश परतताना हिरवा उठून दिसतो. म्हणून फोटोत कोन जरा बदलला की तोच पट्टा निळसर किंवा सोनेरी येतो. याच्या अळ्या ओम्फालिआ या एरंडाच्या कुळातल्या वेलीवरच वाढतात. ती वेल विषारी आहे. मध्य अमेरिकेतल्या याच्या भावंडावर, उरेनिया फुल्जेन्सवर, पनामात नील स्मिथ या संशोधकाने बराच अभ्यास केला. त्याचं म्हणणं असं की अळ्यांनी पानं पुन्हा पुन्हा फस्त केली की वेल आणखी विषारी होत जाते, पुढच्या पिढीच्या अळ्या तग धरत नाहीत, आणि मग पतंग झुंडीने दुसरीकडची वेल गाठायला निघतात. तुम्ही पाहिलेला घोळका मात्र स्थलांतराचाच होता असं नाही. चिखलातले क्षार शोषायलाही ते असे जमतात.

आता नक्कलवाले. उत्तर पेरूत तारापोतोच्या आसपास नारिंगी, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची फुलपाखरं खूप आहेत: मेलिनीया, मेकॅनायटिस, शिवाय त्यांच्यासारखंच दिसणारं हेलिकोनियस न्यूमाटा. त्याच गणवेशात केटोने नावाचा पतंगही दिवसा फिरतो. उडताना यांतला पतंग ओळखून दाखवा म्हटलं तर मी तरी पैज लावणार नाही.

तिथे अभ्यासकांची एक साधी युक्ती आहे. हेलिओट्रोप नावाच्या झुडपाच्या सुकत आलेल्या फांद्यांची जुडी झाडाला टांगून ठेवायची. त्यातली कडवट अल्कलॉइडं शोषायला मेकॅनायटिसच्या गटातले नर येतात, आणि केटोनेच्या गोतावळ्यातले पतंगही येतात. अशी एक जुडी मी जवळून पाहिली आहे. शेजारी शेजारी दोघं, पंखांची नक्षी जवळजवळ सारखीच. मग पाय मोजले. फुलपाखरू चार पायांवर उभं होतं, कारण त्या कुळात पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी दुमडलेले असतात. पतंग सहाही पाय टेकून निवांत होता. मिशा पाहिल्या तर फुलपाखराच्या टोकाला जाडसर होत गेलेल्या, पतंगाच्या शेवटपर्यंत निमुळत्या.

या नकलेला ‘फसवणूक’ म्हणून मोकळं होऊ नका. इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री बेट्स अकरा वर्षं ॲमेझॉनमध्ये राहिला, पेरूच्या सीमेजवळपर्यंत पोचला, आणि १८६२ साली त्याने मांडलं की बेचव फुलपाखरांचं सोंग घेऊन चवदार किडे पक्ष्यांपासून वाचतात. ते काही बाबतीत खरंच आहे. पण त्या जुडीवरचा पतंगही तेच कडू रसायन अंगात साठवतो. म्हणजे दोघंही कडू, दोघांचाही गणवेश एक, आणि पक्ष्याला तो एकदाच शिकावा लागतो. ही दुसरी बाजू फ्रित्झ म्युलर या जर्मन निसर्गअभ्यासकाने ब्राझीलमध्ये राहून १८७०च्या दशकात मांडली.

तुम्ही कुस्कोहून मानू अभयारण्याच्या रस्त्याने खाली उतरलात तर ढगांच्या जंगलात एराटेना नावाचे पतंग दिसू शकतात. छोटे, मागच्या पंखांना लांब शेपट्या, ओल्या रस्त्यावर पंख पाठीवर मिटून बसतात. पतंग पंख पसरून किंवा कौलासारखे ठेवून बसतो असं शिकलो होतो ना, तो नियमही इथे गेला.

‘मिशीच्या टोकाला गाठ म्हणजे फुलपाखरू’ हा नियम मोडतो कॅस्टनिया गटातला पतंग. दणकट अंगाचा, जोरात उडणारा, मिशा चक्क गाठीच्या. याची अंडी तांदळाच्या दाण्यासारखी, आणि अळ्या ताड, ऊस, अननसाच्या कुळातली झाडं आतून पोखरतात. ऊस आणि पामतेलाच्या बागायतदारांना हा सुंदर वगैरे अजिबात वाटत नाही. हातात आला तर मागच्या पंखाच्या मुळाशी एक राठ केस दिसतो, तो पुढच्या पंखाखाली अडकून दोन्ही पंख एकत्र हलवतो. फुलपाखरांत हा आकडा सहसा नसतो (ऑस्ट्रेलियातल्या एकासारखे मोजके अपवाद सोडा).

याच्या अगदी उलटं प्रकरणही तिथेच आहे. हेडायलिडे कुळातली मॅक्रोसोमा ही भुरकट, बारीक मिशांची, बहुतेक रात्री उडणारी. लॉजच्या दिव्यावर येतात तेव्हा कोणीही पतंगच म्हणेल, पण ती फुलपाखरं आहेत. १९८६ साली माल्कम स्कोबल यांनी तसं सुचवलं आणि नंतरच्या जनुकीय अभ्यासांनीही त्यांना फुलपाखरांतच ठेवलं.

तुमच्याकडे त्या दिवसाचे फोटो असतील तर वरून काढलेले बाजूला ठेवा, त्यांत फक्त नक्षी दिसते. एखादा बाजूने काढलेला असेल, मिशांची टोकं आणि पाय स्पष्ट असलेला, तर तो आणि ठिकाण टिप्पणीत टाका. उरेनियाच आहे की त्या घोळक्यात एखादं खरं शेपटीवालं फुलपाखरूही घुसलं होतं, ते त्यावरून सांगता येईल. चिखलावर हे दोघं बऱ्याचदा एकत्रच बसतात.